खाऱ्या पाण्याची करामत

१

मिठाच्या पाण्याने औषधाला हरवलं, ही बातमी भूलताईंना दवाखान्याच्या जिन्यात फोनवर कळली, तेव्हा त्यांना वाटलं की कुणीतरी आपली थट्टा करतंय.

आयुष्यभर त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर माणसांना भूल दिली होती, म्हणून हे नाव. निवृत्त झाल्यावर माणसाने बागकाम करावं, नातवंडं खेळवावी. भूलताईंना बाग नव्हती, नातवंडंही नव्हती, आणि स्वभाव असा की शेजारच्या घरात कपबशी फुटली तरी ती कुणाच्या हातून फुटली हे कळल्याशिवाय त्यांना घास जात नसे. त्यामुळे अक्कांनी बोलावल्याबरोबर त्या अक्कांच्या संस्थेत तपासनीस म्हणून रुजू झाल्या.

अक्कांची संस्था एकाच कामाला पैसे द्यायची. दुखणं थांबवेल पण व्यसन लावणार नाही, अशा औषधाच्या शोधाला. तोही अगदी पहिल्या पायरीवर. बाळसं धरलेल्या कल्पनेला पैसा द्यायला सगळेच पुढे येतात; अक्का पाळण्यातल्या कल्पनांना द्यायच्या. त्यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांची लाकडाची वखार होती. रचलेल्या फळ्यांवरून त्यांचा एकुलता एक मुलगा पडला, पाठ मोडली. दुखण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, मग गोळ्यांसाठी दुखणं सुरू राहिलं, मग सुया आल्या, आणि एका दुपारी न्हाणीघराचं दार फोडावं लागलं. अक्कांनी वखार विकली आणि संस्था काढली.

संस्थेचा नियम कडक होता. पैशाचा मोठा हप्ता देण्याआधी एक परीक्षा व्हायची. दोन सारख्या बाटल्या, एक लाल झाकणाची, एक निळ्या झाकणाची. एकीत औषध, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कशात काय, हे सचिव कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि अक्का वाचून त्यावर सही करायच्या. बाकी कुणाला कळू द्यायचं नाही. औषध ज्याचं, त्याने खोलीबाहेर बसायचं. मग उंदरांना टोचून एकेकाला गरम पाट्यावर ठेवायचं. पाय चाटला की लगेच उचलायचा. जो जास्त वेळ निवांत राहिला त्याचं दुखणं थांबलं, इतका साधा हिशेब. एकदा नापास झालेल्याला संस्थेचं दार कायमचं बंद.

संस्थेच्या पैशावर असंच एक औषध शोधणाऱ्या एका डॉक्टरांची परीक्षा काल होती. भूलताई तिथे नव्हत्या. त्या धाकट्या बहिणीच्या उशाशी बसल्या होत्या. ऑपरेशननंतर धाकटीच्या शिरा आतून जळायच्या. तिला गोळ्या चालू होत्या, आणि गेल्या आठवड्यात चादर बदलताना भूलताईंना उशीच्या अभ्र्यात लपवलेल्या गोळ्या सापडल्या होत्या. धाकटी म्हणाली, "असू दे गं, लागल्या तर." ती 'लागल्या तर' म्हणताना जशी हसली, ते हसू भूलताईंनी याआधी पुष्कळ चेहऱ्यांवर पाहिलं होतं. डॉक्टरांच्या औषधावर त्यांचा जीव का अडकला होता, ते वेगळं सांगायला नको.

तर काल लाल बाटलीचे उंदीर पाट्यावर असे निवांत राहिले की काचेपलीकडे बसलेल्या संस्थेच्या समितीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांना आत बोलावून हात मिळवून झाले. मग पाकीट फोडलं. लाल बाटलीत मिठाचं पाणी होतं.

समितीतला एक जण मोठ्याने हसला. मग सगळेच हसले.

आणि आज सकाळी डॉक्टरांचा फोन. "बाई, बाटल्या मला दुसरीकडे तपासून घ्यायच्या होत्या. फ्रीज उघडला तर दोन्ही गायब."

भूलताईंनी लगेच अक्कांना फोन लावला.

"चौकशी करायची तर कर," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पण संध्याकाळी बैठक आहे. नकाराच्या कागदावर मी सही करणार. नियम तो नियम."

२

डॉक्टरांची प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या इमारतीचा मागचा मजला. आत लाकडाचा भुसा आणि साबण यांचा वास, भिंतीशी पिंजऱ्यांच्या रांगा, एक घरघरणारा फ्रीज. डॉक्टर स्टुलावर बसले होते. साठीचा माणूस एका रात्रीत सत्तरीचा दिसत होता.

"पाणी दुखणं थांबवत नाही, बाई," ते म्हणाले. "पाणी तहान भागवतं."

"मग काल काय झालं?"

"कुणीतरी गळा कापला माझा. केसाने." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "माझी सहाय्यक. तिचं नाव मी एका लेखातून काढलं होतं. मला वाटलं, तिचा वाटा तेवढा नाही. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. टोचणारी तीच, पाट्यावर ठेवणारी तीच. मी तर बाहेर बाकावर बसलो होतो, नियमाप्रमाणे."

भूलताईंची नजर भिंतीवर गेली. रंग उडालेल्या भिंतीत एक चौकोन उजळ होता. तिथे बरीच वर्षं काहीतरी टांगलेलं असणार.

"इथे काय होतं?"

"एक मानपत्र होतं. काढलं." डॉक्टर एकदम उठले आणि पिंजऱ्यातलं पाणी तपासू लागले. त्यांना ते तपासायची गरज नव्हती.

टेबलावर छोट्या बाटल्यांचा ट्रे होता. प्रत्येकीवर नुसता आकडा. "औषधाला नाव नाही दिलं अजून?"

"नाव ठेवलं की जीव लागतो. या धंद्यात बहुतेक पाळण्यातच जातात." ते थांबले. "संध्याकाळी सही झाली की हेही जाईल. जागेचं भाडं संस्थेचं, उंदरांचा दाणा संस्थेचा. दुसरं कुणी या अवस्थेत उभंही करत नाही. आणि पाण्याला हरलेल्या माणसाला तर..."

भूलताईंना त्यांची कीव आली, आणि त्या उजळ चौकोनाचा संशयही आला. दोन्ही एकदम येऊ शकतात.

३

सहाय्यक पिंजरे धूत होती. तिशीची, बाह्या वर केलेल्या, कपाळावर आठी. भूलताईंनी विचारायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"मीच केलं असं म्हणाले ना? मला माहीतच होतं."

"तू केलंस का?"

"नाही, ताई. पण वाईट वाटलं का विचाराल तर तेही नाही." तिने ब्रश बादलीत आपटला. "तो चौकोन पाहिलात भिंतीवर? त्या गोळीवाल्या कंपनीचं मानपत्र होतं. तरुणपणी आमचे डॉक्टर त्यांच्यातर्फे गावोगाव व्याख्यानं द्यायचे. 'या गोळीची सवय लागत नाही.' हे एकच वाक्य, हसून, सगळ्या डॉक्टरांसमोर. जुनी चित्रफीत आहे, मी पाहिलीय. आता पश्चात्ताप झाला म्हणून हे औषध शोधतायत. आणि पश्चात्ताप करणारा माणूस माझं नाव खोडतो!"

अक्कांच्या मुलाला त्या गोळीनेच नेलं होतं. अक्कांना हे ठाऊक असेल का, हा प्रश्न भूलताईंनी मनात एका बाजूला ठेवला.

"एक सांग. बाटलीत काय आहे हे तुला खरंच कळत नव्हतं?"

सहाय्यक पहिल्यांदा हसली. "नियमाने नाही. पण आमचं औषध थंडीत दुधाळ होतं, ताई. मुठीत धरून ऊब दिली की परत नितळ. काल अक्का बर्फाची पेटी स्वतः मांडीवर घेऊन गाडीतून आल्या, ड्रायव्हरच्या हातीसुद्धा देईनात. पेटी उघडली तर निळ्या झाकणाची बाटली दुधाळ. मी ती मुठीत धरली आणि तोंड बंद ठेवलं. इथल्या कुणालाही कळलं असतं."

"म्हणजे निळ्या बाटलीत औषध आहे हे तुला आधीच माहीत होतं. आणि लाल जिंकायला लागली तेव्हा?"

हात पुसून तिने खणातून कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं. "परीक्षेला कॅमेरा मीच लावला होता. तुम्हीच बघा."

छोट्या पडद्यावर आधी निळ्या बाटलीचे उंदीर आले. टोचून झाल्यावर भुशात शिरले, मिशा साफ केल्या, दाणा खाल्ला. पाट्यावरही बरेच टिकले. मग लाल बाटलीचे. हे पिंजऱ्याच्या कडेने गोल गोल पळत होते, थांबतच नव्हते. आणि प्रत्येकाची शेपटी पाठीवर कमानीसारखी वळून ताठ उभी होती.

भूलताई पडद्याजवळ झुकल्या. विद्यार्थिदशेत त्यांना एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हे दाखवलं होतं. उंदराची शेपटी अशी एकाच जातीच्या औषधाने उभी राहते.

"मॉर्फीन," त्या म्हणाल्या.

"हो. कुणीतरी मिठाच्या पाण्यात मॉर्फीन घातलं होतं. काचेपलीकडच्या लोकांना ती शेपटी म्हणजे उंदराची गंमत. मला कळलं." सहाय्यकेने मान खाली घातली. "मला वाटलं डॉक्टरांनीच घातलं. जिंकायला म्हणून घातलं आणि घाईत बाटली चुकली. म्हटलं, बुडतोय तर बुडू दे. पाहिलं आणि गप्प बसले."

"आणि बाटल्या?"

"मी फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. नंतर इथे कोण कोण आलं ते काय सांगू! समिती आली, सचिवसाहेब आले, अक्का आपल्या पेटीचा बर्फ घ्यायला आल्या, डॉक्टर रडत आले. फ्रीज सगळ्यांनीच उघडला असेल."

४

सचिव म्हणजे अक्कांचा भाचा. गोरागोमटा, गुळगुळीत, आणि बोलायला लागला की थांबणं त्याला जमत नसे. संस्थेच्या कार्यालयात तो एका मोठ्या इमारतीचा नकाशा पसरून बसला होता.

"या, भूलताई! आम्हाला भूल द्यायला आलात की आमची भूल काढायला?"

"हे काय?"

"रुग्णालय. मावशीला किती वर्षं सांगतोय, उंदरांवर पैसा उधळू नकोस. भिंती बांध, दारावर नाव कोर, लोक नमस्कार करतील. उंदीर काय नमस्कार करणार?"

"मग डॉक्टर नापास झाले ते तुझ्या पथ्यावर पडलं."

"पडलं की! खोटं कशाला बोलू?" तो खुर्चीत मागे रेलला. "पण मी काही केलेलं नाही. बाटल्या मी भरल्या, झाकणं मी लावली, कागद मी लिहिला, पाकीट मी चिकटवलं. मावशीने वाचून सही केली. मग पाकीट माझ्या तिजोरीत, बाटल्या मावशीच्या पेटीत. झालं. माझा संबंध संपला."

"पाकीट नंतर कुणी उघडलं असेल?"

"किल्ली माझ्या गळ्यात असते." त्याने सदऱ्यातून साखळी काढून दाखवली. "आंघोळीलासुद्धा."

भूलताईंनी त्या किल्लीकडे पाहिलं. सगळं याच्यावर टाकून सुटकेचा निःश्वास सोडावा असा तो क्षण होता, कारण हा गुळगुळीत प्राणी त्यांना मनापासून आवडत नसे आणि चोर तोच निघाला असता तर त्यांची हरकत नव्हती. पण डोक्यात काहीतरी खट्‌कन जागेवर बसलं, आणि चोर तो नव्हता.

"तुला मॉर्फीनची कुपी मिळाली तर काय करशील?" त्यांनी सहज विचारलं.

"म्हणजे ते सुईचं? नको हो." तो खरंच पांढरा पडला. "मला रक्त तपासायचं म्हटलं तरी आडवं करावं लागतं."

भूलताई उठल्या. आता फक्त एकाच घरी जायचं राहिलं होतं.

५

त्या चालतच निघाल्या. रस्त्यात त्यांना धाकटीची खोली आठवली. महिनाभरापूर्वी अक्का तिला भेटायला आल्या होत्या. नर्सला उशीर झाला आणि धाकटी कळवळायला लागली, तेव्हा अक्कांनीच बाटलीच्या रबरी बुचात सुई घालून औषध ओढलं होतं आणि इतक्या अलगद टोचलं होतं की धाकटीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. भूलताई थक्क झाल्या. वखारवाल्या बाईचा हात आणि इतका हलका!

"मुलासाठी शिकले," अक्का म्हणाल्या होत्या, आणि विषय बदलला होता.

त्या दिवशी भूलताईंना फक्त माया दिसली होती. आज त्यांना तोच हात आठवत होता. तपासनीसाचं काम फार हलकट असतं. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्याच मिठाच्या पाण्यात हात घालावा लागतो.

६

अक्का मुलाच्या खोलीत बसल्या होत्या. गादीखाली त्याच्या पाठीसाठी घातलेली फळी अजून तशीच होती.

"सापडला का चोर?" त्यांनी विचारलं.

"सापडला." भूलताई समोरच्या खुर्चीत बसल्या. "लाल बाटलीत मॉर्फीन होतं, अक्का. घालणारा कोण, एवढाच प्रश्न होता. डॉक्टरांना जिंकायचं असतं तर त्यांनी ते दुधाळ बाटलीत घातलं असतं. त्यांचं औषध थंडीत दुधाळ होतं, प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे."

"मग ती मुलगी असेल. तिचं नाव काढलं होतं ना त्याने?"

"तिने कॅमेरा लावला होता. मॉर्फीनने उंदराची शेपटी ताठ होते, हे तिला पाठ आहे. स्वतः घातलं असतं तर तिने पुरावा टिपून ठेवला नसता, आणि मला तर दिलाच नसता."

अक्कांची मान किंचित वर आली. "शेपटी?"

"शेपटी. तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"मग राहिला तुमचा भाचा. त्याला डॉक्टर नापास व्हायला हवेच होते. पण त्याला बाटलीला हात लावायची गरज काय? कागद त्याच्याच हातचा. लालच्या जागी निळं लिहिलं की काम झालं. ज्याच्या हातात किल्ली, तो कुलूप कशाला फोडेल?" भूलताईंनी खुर्ची पुढे ओढली. "अक्का, हे ज्याने केलं त्याला कशात काय आहे ते माहीत होतं, पण कागद बदलता येत नव्हता. बाटल्या वाटेत त्याच्या मांडीवर होत्या. रबरी बुचातून सुई घालायची त्याला सवय होती. आणि हे औषध माणसाचं काय करतं हे त्याने जवळून पाहिलं होतं, उंदराचं काय करतं ते कधीच नाही. माणसाला शेपूट नसतं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अक्का उठल्या, कपाटाचा वरचा खण उघडला आणि दोन्ही बाटल्या काढून पलंगावर ठेवल्या. शेजारी एक रिकामी काचेची कुपी ठेवली.

"त्याच्या खणात ही एक शिल्लक होती," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं जपली. टाकवत नव्हती. मग तिचा उपयोग सापडला."

"तुम्हाला डॉक्टरांचं आधीपासून माहीत होतं."

"अर्ज आला त्या दिवसापासून. आमच्या घरच्या डॉक्टरने मला हात धरून सांगितलं होतं, अक्का, मी स्वतः व्याख्यान ऐकून आलोय, या गोळीची सवय लागत नाही. व्याख्यान कुणाचं, तेही सांगितलं होतं. ते नाव मी विसरेन?" अक्कांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मुलगा गेल्यापासून मला भूक म्हणून लागली नव्हती. अर्जावर ते नाव वाचलं आणि मी पोटभर जेवले."

"मग अर्ज फेकून द्यायचा होता."

"दारातून हाकललेला माणूस दुसऱ्या दारात जातो. मला तो घरात यायला हवा होता. पैसे दिले, धीर दिला, वाढदिवसाला फोन केले. शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढू दिला. त्या वाक्यावर लोक टाळ्या वाजवायचे ना? मला लोक त्याला हसताना ऐकायचे होते. पाण्याला हरला म्हणून. काल ऐकले." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "बरं वाटलं मला. तुझ्यापासून काय लपवू, फार बरं वाटलं."

भूलताईंना राग आला, आणि तो त्यांनी गिळला नाही.

"आणि माझी धाकटी? ती उशीत गोळ्या लपवतेय, अक्का! तुम्ही हेच सगळं पाहिलंय आणि तरी तुम्ही ते औषध मारायला निघालात. तिच्या वाट्याला ते येणार नाही, मला कळतं, अजून किती वर्षं लागतील. पण कुणाची तरी धाकटी असेलच ना तेव्हा? कुणाचा तरी मुलगा असेल ना?"

"ते औषध नाहीच!" अक्का ओरडल्या. "त्याचं आणखी एक व्याख्यान आहे ते!"

"निळे उंदीर कुणाला हरले, सांगा."

"पाण्याला."

"पाणी नव्हतंच तिथे. ते तुमच्या कुपीला हरले. आमच्याकडे दुखण्यावर त्याहून जालीम असं फारसं काही नाही, आणि त्याच्यासमोर ते थोडक्यात हरले. शेपट्या खाली. ना गोल गोल पळणं, ना झिंग. टोचून झाल्यावर दाणा खाल्ला आणि झोपले." भूलताई पुढे झुकल्या. "आम्ही त्याची गाठ मिठाच्या पाण्याशी घालत होतो. एवढ्या कोवळ्या औषधाला मॉर्फीनसमोर उभं करायची हिंमत आम्ही केली नसती. ती परीक्षा तुम्ही घेतलीत. एका परीक्षेने सिद्ध काही होत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागेल. पण तुमच्या मुलाला जे हवं होतं ना, त्याची पहिली खूण निळ्या बाटलीत आहे."

अक्का खाली बसल्या. पलंगाच्या फळीचा आवाज झाला.

"म्हणजे तो जिंकला," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्याच हाताने."

"हो, अक्का."

अक्कांनी रिकामी कुपी उचलून मुठीत धरली. "संध्याकाळी सगळं सांगते मी. खुर्ची सोडते. परीक्षा पुन्हा घ्या, पाकिटं परक्याकडे द्या. पण माझं एक येणं बाकी आहे त्याच्याकडे. ते मी मागणार, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

७

संध्याकाळी लांब टेबलाभोवती समिती बसली. दाराशी डॉक्टर उभे होते, त्यांच्यामागे सहाय्यक. नकाराचा कागद अक्कांसमोर होता. त्यांनी तो उलटा केला, त्यावर लाल बाटली, बाजूला निळी ठेवली आणि उभ्या राहून काय केलं ते सांगितलं. का केलं तेही सांगितलं. काहीच वगळलं नाही. काल मोठ्याने हसलेला सभासद नखं पाहत बसला.

"मावशी," सचिव पुटपुटला, "हे आपण घरात..."

"गप्प बस." अक्का डॉक्टरांकडे वळल्या. इतकी वर्षं त्या त्यांना 'अहो डॉक्टर' म्हणत आल्या होत्या. "तुला आठवतं ते वाक्य?"

डॉक्टर दारातून टेबलापाशी आले. "रोज आठवतं."

"म्हण."

"अक्का..."

"टाळ्या मिळायच्या तेव्हा लाज नाही वाटली. आता म्हण."

"या गोळीची..." त्यांनी टेबलाची कड धरली. "या गोळीची सवय लागत नाही."

मध्ये बोलायचं नाही असं अक्कांनी बजावलं होतं, म्हणून भूलताई बसून राहिल्या. त्यांना खरं तर मध्ये पडायचंही नव्हतं.

"मी उद्यापासून या संस्थेत नाही," अक्का म्हणाल्या. "भूलताई पुन्हा परीक्षा घेईल. तुझं औषध टिकलं तर पैसे तुला मिळतील, माझ्या वखारीचे. त्या मुलीचं नाव तू लेखात परत घालशील. आणि एक अट. तुझ्या औषधाला नाव नाही म्हणे. त्याला माझ्या मुलाचं नाव द्यायचं."

सचिवाने सुस्कारा सोडला. "वा, मावशी! स्मृती म्हणून फारच..."

"स्मृती नाही ही. शिक्षा आहे." अक्कांनी नजर डॉक्टरांवरून काढली नाही. "रोज सकाळी फ्रीज उघडशील आणि ते नाव वाचशील. परक्या लोकांसमोर उभा राहशील तेव्हा तुझ्या तोंडून तेच नाव निघेल. उंदीर मेले तर त्या नावाने मेले असं तुला लिहावं लागेल. तू थकशील, तरी ते सोडता येणार नाही तुला."

"आणि टिकलं तर?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"टिकलं तर लोकांना तो आठवेल. तू नाही."

डॉक्टरांनी मान हलवली. सहाय्यकेने खिशातून कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन काढून त्यांच्यासमोर ठेवलं, शेजारी निळ्या झाकणाची बाटली ठेवली. बाटली ऊब लागून केव्हाच नितळ झाली होती. डॉक्टर खाली वाकले, पेन टेकवलं, आणि थांबले. ते तसेच वाकून राहिले. मग त्यांनी वर पाहिलं तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अक्का, त्याचं नाव काय होतं?"

"आज विचारलंस," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी नाव सांगितलं. हाक मारावी तसं, दाराकडे पाहून. डॉक्टरांनी ते लिहिलं आणि चिठ्ठी बाटलीवर चिकटवली. अक्षरं एकमेकांवर चढली होती. अक्कांनी बाटली उचलून चष्म्याजवळ धरली, नखाने ती चिठ्ठी सोलून काढली आणि बाटली परत त्यांच्यासमोर ठेवली.

"नीट लिही," त्या म्हणाल्या. "वाचता आलं पाहिजे."

डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी घेतली आणि पुन्हा लिहायला बसले.